खोटी हजेरी

गंगीबाईला राग लवकर यायचा नाही. मोहफळीच्या दवाखान्यात नऊ वर्षं आया म्हणून काढलेल्या बाईला रोज रागावून परवडलंही नसतं. पट्ट्या उकळायच्या, बाळंतिणींच्या चादरी धुवायच्या, आणि डोंगरातून आलेल्या माणसाचं मावची बोलणं डॉक्टरांना मराठीत नि डॉक्टरांचं मराठी त्या माणसाला मावचीत सांगायचं. हे शेवटचं काम तिच्या नेमणुकीच्या कागदावर कुठंच नव्हतं. पण ते तिने केलं नसतं, तर दवाखान्यात कुणाला कुणाचं काही कळलं नसतं.

मोहफळी नवापूरपासून नऊ मैलांवर, सडकेच्या कडेला. सरकारने तिथं प्राथमिक आरोग्य केंद्र काढलं तेव्हा गंगीबाई नुकतीच विधवा झाली होती. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, वाचता-लिहिता येणारी बाई म्हणून तिला घेतलं. तिचं माहेर नदीपलीकडचं उंबरखाडी. दर रविवारी सकाळी ती तिथं प्रार्थनेला जायची आणि संध्याकाळी परत यायची. सात मैल जाणं, सात मैल येणं. मधे नदी, आणि नदीनंतर घाटाची चढण.

चौसष्ट सालच्या होळीच्या आधी त्याच उंबरखाडीतून चैत्या आला. तिशीचा, काटक, नवरा-बायको मिळून दोन एकर भात करणारा गडी. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजलेला. गंगीबाई जखम धुता धुता त्याच्या बायकोला, भिकुबाईला, विचारत गेली, तेव्हा कळलं की तो चुलीत पडला होता. त्याच्या आधी विहिरीच्या काठावर पडला होता. त्याच्या आधी बैलगाडीवरून. मोहाच्या झाडावरून पडून डोक्याला मार लागल्यापासून त्याला फिट यायच्या. भगताने दोन कोंबडे घेतले आणि नांगराला हात लावायचा नाही असं सांगितलं. तेव्हापासून भिकुबाईच नांगर धरत होती आणि गाव तिला हसत होतं.

डॉक्टर सबनीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चैत्याला नीट तपासलं, फिटच्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि गंगीबाईकरवी बजावून सांगितलं की ह्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही, कारण गोळी एकदम बंद झाली तर फिट पहिल्यापेक्षा जोरात येतात.

मग कंपाउंडर चुडामणने पुडी बांधली. तीन दिवसांची.

नियमच तसा होता. ताप असो, खरूज असो, फिट असो, औषध तीन दिवसांचं आणि न्यायला रुग्णाने स्वतः यायचं. तापाच्या माणसाला तो नियम पुरायचा. तीन दिवसांत माणूस उठायचा. चैत्याचं दुखणं जन्माचं होतं. तरी तो आला. दर तिसऱ्या दिवशी चौदा मैल चालून आला. आठवड्यातले दोन दिवस त्याचे औषध आणण्यातच जायचे. चार महिने त्याला एकही फिट आली नाही. त्याने पुन्हा नांगर धरला, आणि ते सांगायला आला तेव्हा एवढा हसला की चुडामणलाही हसू फुटलं.

एकदा कापणीच्या मजुरीवर गेला म्हणून त्याच्या जागी भिकुबाई आली होती. तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं. गंगीबाईने डॉक्टरांना विनवलं. डॉक्टर म्हणाले, नियम मी केलेला नाही.

आषाढ लागला आणि सलग पाऊस कोसळला. नदीला पूर आला. दुसऱ्या दिवशी गुरं शोधायला गेलेल्या एका माणसाने येऊन सांगितलं की पलीकडच्या काठावर उंबरखाडीचा चैत्या उभा होता. पळसाच्या पानांत गुंडाळलेला केसपेपर त्याने हात उंच करून दाखवला, पण पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येईना. तिसऱ्या दिवशीही तो येऊन उभा राहिला. दुपारपर्यंत उभा होता म्हणे. मग गेला.

पाण्याचा जोर ओसरायला आठवडा गेला. रविवारी गंगीबाई कंबरभर पाण्यातून पलीकडे गेली, गोळ्यांच्या दोन पुड्या डोक्यावरच्या फडक्यात बांधून. त्या तिने चुडामणकडून हट्टाने मागून घेतल्या होत्या. उंबरखाडीच्या वेशीवर तिला पौलस मास्तर भेटले. शाळेचे मास्तर तेच, आणि रविवारी प्रार्थना चालवायचे तेही. ते म्हणाले, चैत्याला काल पुरलं.

भाताची लावणी चालू होती. भिकुबाई वाकून रोप लावत पुढं गेली होती, चैत्या मागून रोपांच्या जुड्या टाकत होता. ती वळून बघते तर तो खाचरात पालथा पडलेला. पाणी घोट्याएवढं होतं. घोट्याएवढ्या पाण्यात तिचा नवरा बुडून मेला.

गंगीबाई भिकुबाईजवळ बसून राहिली. भिकुबाई रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "गोळी असती तर?" गंगीबाईने पुड्या पदराखाली झाकून घेतल्या. त्या दाखवायची तिची छाती झाली नाही.

महिना संपला. वर पाठवायचा तक्ता तयार होत होता. गंगीबाई टेबल पुसायला आली आणि चुडामणच्या खांद्यावरून तिची नजर कागदावर गेली. चैत्याच्या नावापुढं लिहिलं होतं : उपचार सोडला.

तिने विचारलं, हे काय लिहिलं. चुडामण मूळचा तापीकाठच्या गुजर घरातला. शहादा भागातून बदलीवर आलेला, स्वभावाने भित्रा आणि हाताने अगदी काटेकोर. तो म्हणाला, "मन्हा हातमा काय शे, बाई? तक्तामा चारच रकाना शेतस."

चार रकाने होते. बरा झाला. मोठ्या दवाखान्यात पाठवला. दवाखान्यात मेला. उपचार सोडला.

गंगीबाईने पाणी पुसायचं फडकं टेबलावरच ठेवलं आणि ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. नऊ वर्षांत ती त्या खोलीत बोलावल्याशिवाय कधी गेली नव्हती.

"डॉक्टरसाहेब, चैत्याने उपचार सोडला नाही."

डॉक्टरांनी वर पाहिलं. त्यांना चैत्याचं वाईट वाटलं होतं, खरोखर वाटलं होतं. ते समजावून सांगू लागले की तो दवाखान्यात मेला असता तर तिसऱ्या रकान्यात लिहिता आलं असतं. तो घरी गेला, आणि शेवटचे नऊ दिवस औषधाला आला नाही, म्हणून नियमाने तो चौथ्यात जातो.

"तुम्ही त्याला सांगितलंत, एक दिवस चुकवायचा नाही," गंगीबाई म्हणाली. "मीच ते त्याला मावचीत सांगितलं. आणि आपण दिल्या तीन दिवसांच्या. मग सोडलं कुणी? त्याने का आपण?"

डॉक्टर म्हणाले की महिन्याच्या गोळ्या हातात दिल्या आणि कुणी एकदम खाल्ल्या तर तो मरेल आणि माझी नोकरी जाईल. तसं वर लिहून विचारायला हवं.

"मग लिहा," गंगीबाई म्हणाली.

लिहितो, असं ते म्हणाले. लिहिलं की नाही, ते तिला पुढं कधी कळलं नाही. तिला डॉक्टरांच्या वाईट नसण्याचाच जास्त राग येत होता. माणूस दुष्ट असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. हा दुसऱ्याच्या दुःखाने हळहळायचा आणि त्याच हाताने चौथा रकाना भरायचा.

त्या आठवड्यात तिने जुने केसपेपर काढले. उंबरखाडी आणि आजूबाजूच्या पाड्यांतली, जन्माचं किंवा वर्षा-दीड वर्षाचं औषध लागणारी अकरा माणसं निघाली. चौघं फिटची, सात जणं क्षयाची. क्षयाच्या गोळ्या दीड वर्ष घ्यायच्या. दोन महिन्यांनी खोकला थांबला की माणसाला वाटतं बरा झालो, आणि तिसऱ्या दिवशी चौदा मैल चालायला तो कशाला येईल? अकरांतल्या सहा जणांच्या नावापुढं आधीच चौथा रकाना भरलेला होता. त्यातला योसेफ तर पौलस मास्तरांच्या शेजारच्याच घरात, रक्ताच्या गुळण्या टाकत पडलेला.

ती चुडामणपुढं बसली आणि म्हणाली, ह्या अकरा जणांचं महिन्याचं औषध बांधून द्या.

चुडामण घाबरला. रुग्ण हजर नसताना औषध दिलं तर नोकरी जाईल. गंगीबाई म्हणाली, मग हजर लिहा. दर तिसऱ्या दिवशी अकरा जण येऊन गेले असं लिहा. तुम्ही हजेरी खरी लिहिलीत तेव्हा चैत्या मेला. आता खोटं लिहून बघा.

चुडामण उठून बाहेर गेला. ओट्यावर उभा राहून त्याने अर्धा तास चुना-तंबाखू मळली. परत आला तेव्हा तिच्याकडं न बघता म्हणाला, "डबा आन. पुड्यास्ले वल लागी जाई."

पुड्यांना ओल लागू नये म्हणून पत्र्याचा एक डबा निघाला. त्यात अकरा पिशव्या, प्रत्येकीवर नाव. गंगीबाईने तो उंबरखाडीला पौलस मास्तरांकडं नेऊन ठेवला. मास्तरांनी त्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला बांधली. रोज शाळा भरायच्या आधी अकरा माणसं किंवा त्यांच्या घरचं कुणी यायचं. मास्तर त्या दिवसाची गोळी द्यायचे आणि जो स्वतः आला त्याला गिळताना बघायचे. कुणी आलं नाही तर शाळा सुटल्यावर स्वतः त्याच्या घरी जायचे. दर रविवारी गंगीबाई येऊन सगळ्यांना विचारायची. कुणाला अंगावर पुरळ आलं, कुणाला मळमळलं, कुणाचं वजन उतरलं, ते ऐकून ती सोमवारी डॉक्टरांना सांगायची, जणू ते माणूस दवाखान्यात येऊनच सांगून गेलं. डॉक्टर त्यावर औषध बदलून द्यायचे. त्यांना संशय आला नसेल असं नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि सही करत राहिले.

श्रावण गेला, भादवा गेला. नदी तीनदा चढली. अकरांतल्या कुणाचा एकही दिवस चुकला नाही. भाद्रपदात एक म्हातारा क्षयाने गेलाच. त्याचं दुखणं फार पुढं गेलं होतं. बाकी दहा उभे होते. योसेफ तर अंगणात बसून दोर वळू लागला होता.

दसऱ्याच्या आधी तपासणी आली. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे साहेब जीपमधून उतरले. पन्नाशीचे, स्थूल, हातात रुमाल. त्यांनी औषधांचा साठा बघितला, पाण्याची टाकी बघितली, आणि हजेरीची वही चाळता चाळता एका पानावर थांबले.

"एकोणीस ऑगस्ट," ते म्हणाले. "त्या दिवशी मी नवापूरला अडकून पडलो होतो. सगळ्या नद्या दुथडी भरल्या होत्या, एस.टी. बंद. आणि तुमच्याकडे नदीपलीकडचे अकरा रुग्ण आले?"

डॉक्टर सबनीसांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, हे मला माहीत नव्हतं. चुडामणने हातातली दौत टेबलावर ठेवली. गंगीबाई दारात उभी होती. ती आत आली आणि म्हणाली, "मी सांगितलं म्हणून चुडामणभाऊंनी लिहिलं. त्यांचा दोष नाही. ती हजेरी खोटी आहे."

साहेबांनी विचारलं, औषध विकलं का? तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. तिने सगळं सांगितलं. चैत्याचं, भिकुबाईचं, चार रकान्यांचं, मास्तरांच्या डब्याचं. साहेबांनी मधे टोकलं नाही. शेवटी म्हणाले की फिटची गोळी जपून वापरायचं औषध आहे, ती खेड्यात शाळामास्तराकडं ठेवणं हा गुन्हा आहे. आणि तू सांगतेस ते खरं कशावरून?

"चला, दाखवते," ती म्हणाली.

जीप नदीपर्यंत गेली. पुढं पायवाट होती. साहेबांना वाटलं असावं, असेल मैलभर. पाणी ओसरून पिंढरीला आलेलं; त्यांनी बूट हातात घेतले आणि नदी ओलांडली. मग घाटाची चढण लागली. ऊन तापलेलं. पहिल्या वळणावर ते थांबले, दुसऱ्या वळणावर टेकले, तिसऱ्या वळणावर एका उंबराखाली बसलेच. शिपाई वारा घालू लागला. साहेबांनी खिशातून लहानशी बाटली काढली, एक गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायले.

गंगीबाई समोर उभी होती. तिने विचारलं, "साहेब, काय दुखतं?"

"रक्तदाब आहे," ते म्हणाले. "रोज घ्यावी लागते. कायमची."

"बाटलीत किती दिवसांच्या आहेत?"

साहेबांनी बाटलीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं असेल-नसेल. ते म्हणाले, "दोन महिन्यांच्या."

गंगीबाईला बोलायचं खूप होतं. चैत्या याच वाटेने चार महिन्यांत चाळीस वेळा उतरला नि चाळीस वेळा चढला, हे सांगायचं होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि वाट बघत उभी राहिली. साहेब उठले आणि चालू लागले.

उंबरखाडीत त्यांनी डबा उघडायला लावला, पिशव्या मोजल्या, मास्तरांनी रोज गोळी दिल्यावर केलेल्या खुणा बघितल्या. योसेफच्या छातीला नळी लावून ऐकलं. तीन जणांची थुंकी तपासायला बाटल्यांत घेतली. परत निघताना एक बाई वाटेत आडवी उभी राहिली. भिकुबाई होती. तिला मराठी येत नव्हतं. ती गंगीबाईकडं बघत बोलली आणि गंगीबाईने सवयीने, एकेक शब्द, साहेबांना सांगितलं :

"ती विचारते, डबा आधी का नव्हता?"

साहेबांनी टोपी हातात घेतली. त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि गंगीबाईनेही त्यांच्या वतीने काही बनवून सांगितलं नाही.

माघ महिन्यात टपाल आलं. पाकिटात दोन कागद होते. पहिला होता हुकूम. क्षय आणि फिट या दुखण्यांच्या रुग्णांना प्रयोग म्हणून एका वेळी महिन्याचं औषध द्यावं. दूरच्या गावी ते जबाबदार माणसाकडे ठेवावं. महिन्यातला एक दिवस जुन्या दुखण्याच्या रुग्णांसाठी राखावा. घरचं माणूस आलं तरी औषध द्यावं. न येणाऱ्याच्या घरी जाऊन कारण लिहावं. डॉक्टर सबनीसांनी तो दोनदा मोठ्याने वाचला. त्यांचे डोळे भरून आले होते. हुकुमात 'मोहफळी येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून' असं म्हटलं होतं. ते वाचताना त्यांचा आवाज थोडा खाली गेला.

दुसरा कागद गंगीबाईसाठी होता. हजेरीत खोट्या नोंदी करायला लावल्याबद्दल सक्त ताकीद. कागदाखाली तिने 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही' असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही करायची होती.

तिने कागद वाचला. मग हुकूम मागून घेऊन तोही वाचला. दोन्हींवर सही एकाच हाताची होती.

"कागद मिळाला एवढं लिहून देते," ती म्हणाली. "चूक झाली असं लिहिणार नाही."

डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली. समजावलं की ही नुसती औपचारिकता आहे, असं लिहिल्याने कुणाचं काही जात नाही, लिहिलं नाही तर पुढं नोकरी कायम होताना अडेल. चुडामणही म्हणाला, "लिखी टाक ना बाई, कागदच शे."

"चैत्याचाही कागदच होता," गंगीबाई म्हणाली. "मी जे केलं ते चूक असेल, तर हा हुकूम चूक आहे. दोन्ही खरं कसं असेल? आधी त्यांना ठरवू द्या."

तिने 'कागद मिळाला' असं लिहिलं, खाली सही केली आणि पट्ट्या उकळायला गेली.

राखीव दिवस महिन्याचा पहिला सोमवार ठरला. पहिल्याच खेपेला सव्वीस माणसं आली. त्यात अशीही होती की ज्यांनी दोन वर्षांपूर्वी यायचं बंद केलं होतं. पौलस मास्तरांसारखे आणखी तीन गावांत तीन जण मिळाले. पुढच्या पावसाळ्यात नदी पाच वेळा चढली आणि पलीकडचा एकही माणूस औषधावाचून राहिला नाही. त्याच सुमारास वाकड्या बोटांची एक महारोगी म्हातारी आली. तिचं दुखणं हुकुमाच्या यादीत नव्हतं, म्हणून तिला तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. गंगीबाई पुन्हा न बोलावता डॉक्टरांच्या खोलीत गेली. या वेळी डॉक्टरांनी तिच्यादेखत कागद ओढून वर पत्र लिहिलं. उत्तर यायला चौदा महिने लागले.

ताकीदपत्रावर लिहून देण्याबद्दल स्मरणपत्र तिला एकंदर तीनदा आलं. शेवटचं आलं तेव्हा सबनीस बदलून गेले होते आणि नवे डॉक्टर आले होते. त्यांनी विचारलं, ही काय भानगड आहे? गंगीबाईने सांगितलं. नोकरी कायम व्हायला तिला इतरांपेक्षा सहा वर्षं जास्त लागली. ते वाक्य तिने लिहून दिलं नाही.